नाव न लिहिलेलं बटण

श्रीपाद, तुझ्या वायरींनी मला रडकुंडीला आणलंय. बाकीचं मागाहून बोलू, आधी हे ऐक. तू गेलास म्हणून लोक येतात, बोलतात, मी मान हलवते, तुझी सुमा चहा ठेवते. तेवढं जमतं. पण खालच्या खोलीत शिरलं की तुझा तो पसारा आ वासून उभा. एकावर एक दोन कीबोर्ड, पायाशी पेडल, शेजारी लॅपटॉप, मधे ती लाल दिव्याची डबी, आणि डबीतून निघालेल्या वायरी. कुठली कुठं जाते ते तुला ठाऊक आणि देवाला ठाऊक. आता तुम्ही दोघंही बोलत नाही.

माणसं मागं काय ठेवतात? चष्मा, चपला, अर्धी राहिलेली औषधाची पट्टी. ते बघून रडता तरी येतं. तुझ्या मिडीपुढं बसून मला रडताही येत नाही, कारण आधी ते चालू करावं लागतं, आणि ते मला येत नाही. तू मेलास आणि थोरल्या बहिणीला या वयात परीक्षेला बसवून गेलास. राग येणार नाही तर काय होईल?

मिडी म्हणजे काय हे तू मला इतक्यांदा समजावलंस की शेवटी समजलं म्हणून मी सुटका करून घेतली. कीबोर्डमध्ये आवाजच नसतो अक्का, तू म्हणायचास, तो नुसता कळवतो, कुठला सूर दाबला, किती जोरात दाबला, कधी सोडला. आवाज सगळा लॅपटॉपमध्ये. मी म्हटलं, म्हणजे हा नुसता चुगलखोर. तू इतका हसलास की चहा सांडलास त्या कीबोर्डवर, आणि मग दोन दिवस खालचा गंधार चिकटून बसला म्हणून माझ्यावरच चिडलास. चहा तुझा, हसू तुझं, आणि खापर माझ्या डोक्यावर. असाच होतास तू.

आपल्या अप्पांचा ऑर्गन होता तेव्हा बरं होतं बघ. पायानं भाता मारायचा, हातानं वाजवायचं, बिघडलं तर कुठं बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं. नाटकातली पदं असोत, देवळातलं भजन असो, मी गायचे आणि तू त्या ऑर्गनवर. त्याला उचलायला चार माणसं लागायची. कलघटगीच्या उत्सवाला तो टेम्पोतून नेला होता, आठवतंय? त्याच्यावर रजई बांधून तू मागं त्याला मिठी मारून बसलास, खड्डा आला की ऑर्गनला काही होऊ नये म्हणून स्वतः आपटून घेतलंस. मी ड्रायव्हरशेजारी मजेत. उतरलास तेव्हा धुळीनं असा माखला होतास की नुसते डोळे दिसत होते. मी तिथंच, सगळ्यांसमोर, तुला झाडलं की तोंड तरी धुऊन बस. तू तसाच बसलास. मी रागारागानं पहिलं पद गायले, आणि परत येताना तू म्हणालास, अक्का, आजच्यासारखी रोज रागाव, काय गायलीस. मला तेव्हा बरं वाटलं होतं. सांगितलं नव्हतं एवढंच.

मग तुझे गुडघे गेले. एक पद होईपर्यंत भाता मारलास की चेहरा पांढरा पडायचा. डॉक्टरांनी पाय हलवायला बंदी केली. टेलिफोन खात्यात जन्मभर खांबावर चढलेला माणूस, तो ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्या मोजत बसला. ते दिवस मला बघवत नव्हते. माझंही गाणं सुटल्यात जमा होतं. पेटीवर दुसरे कुणी मिळाले असते, पण तुझ्याशिवाय मला सुचायचंच नाही. मी श्वास घ्यायच्या आधी तुला कळायचं की मी आता कुठं जाणार.

आणि एक दिवस ते खोकं आलं. मग दुसरं. आधी मला वाटलं कुणी लहान मुलाचं खेळणं पाठवलंय. तू मात्र उठून बसलास. अळणावरच्या सुताराकडून सागवानी चौकट करून घेतलीस, दोन कीबोर्ड एकावर एक बसतील अशी, अगदी अप्पांच्या ऑर्गनच्या उंचीची. म्हणालास, हाताला घर बदललेलं कळायला नको. मग आठवडाभर घरात चिडीचूप. अप्पांच्या ऑर्गनचा एकेक सूर तुला लॅपटॉपात भरून घ्यायचा होता. भाता मारायला शेजारचे दोघं. सुमानं कुकर लावायचा नाही, फ्रीज बंद, पंखा बंद, मी जिन्यावर पाऊल टाकायचं नाही. एकदा रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली तर तू खिडकीतून तिला हात जोडलेस आणि कन्नडमध्ये विनवलंस, अम्मा, सुम्ने होगरी, गप जा बाई. ती घाबरून पळाली. तिला वाटलं आत कुणी आजारी आहे.

बरं, इतकं करून ते वाजलं का? वाजलं, पण उशिरा. तू सूर दाबायचास आणि तो मागाहून यायचा. मी गाऊन पुढं गेलेली आणि तुझा ऑर्गन अजून चपला घालतोय. मी म्हटलं, आज दाबलेलं उद्या वाजणार असेल तर मला आजच सांग, उद्या गायला येते. तू दात खाऊन लॅपटॉपात काहीबाही बदलत राहिलास. सुमा म्हणायची, अक्का, नका हो चिडवू, रात्री जेवत नाहीत. मी चिडवलं नसतं तर तू सोडून दिलं असतंस, हे तिला कुठं माहीत?

एक दिवस जमलं. तू हाक मारलीस, मी खाली आले, आणि आपला ऑर्गन वाजत होता. भात्याची फुस्स सुद्धा ठेवली होतीस, खर्जाच्या एका सुरातली ती घरघर सुद्धा. पेडलाला भात्याचं काम दिलं होतंस, पण नुसतं टेकवायचं, मारायचं नाही. कीबोर्डवरच्या सगळ्या खुंट्यांवर, बटणांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्यावर नावं लिहिली होतीस. खर्ज. जोड. बारीक. भाता. तंबोरासुद्धा त्यातूनच यायचा. मी सगळी नावं वाचली आणि विचारलं, हे एक बटण मोकळं का? तू म्हणालास, ते असंच. जास्तीचं आहे.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धं टाकून गेलायस, तर मी काही सोडणार नाही.

तू मला गाण्याची पट्टी उतरवायला सांगितली होतीस. हे त्या सगळ्याच्या थोडं आधीचं. मी काळी चारात, पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, गाते हे धारवाडात कुणालाही विचार. अप्पांनी मला काळी चारात बसवलं, लग्न झालं, नवरा गेला, शाळेत मुलींना शिकवता शिकवता निवृत्त झाले, पण काळी चार सुटली नाही. आमच्या वयाच्या बायका एकेक करून खाली उतरल्या. मी नाही. मंडळी पट्टी कानानं कमी आणि डोळ्यांनी जास्त बघतात. पेटीवाल्यानं बोट कुठं ठेवलं ते बघायचं आणि मग मान डोलवायची. माझं नाव निघालं की लगेच कुणीतरी म्हणायचं, अजून काळी चार. हे ऐकायला मला आवडायचं. का आवडू नये?

आणि तू एका सकाळी, सुमा पोहे देत असताना, म्हणालास, "अक्का, एक पायरी उतर. वरचा सा तू आता ढकलतेस. पूर्वी तो आपसूक यायचा."

मी पोह्यांची बशी तिथंच ठेवली. म्हटलं, तुझे पाय गेले म्हणून माझा गळा गेला असं समजू नकोस. म्हटलं, मी मेल्यावर उतरव. तू पुन्हा काही बोलला नाहीस. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही. मला वाटलं मी जिंकले. मी चुकीचं बोलले असं मी अजूनही म्हणणार नाही, श्रीपाद. असलं काही पोहे खाताना सांगतात का माणसाला?

पुढची वर्षं सोन्यासारखी गेली. हे मी आता कबूल करते. तुझा हा चुगलखोर आला आणि माझा आवाज मोकळा झाला. वरचा सा असा लागायचा की मलाच नवल वाटायचं. लोक म्हणायचे, अक्कांचा आवाज वयाला भीक घालत नाही. मी तुझ्याकडे तिरकं बघायचे. तू लॅपटॉपात डोकं घालून बसलेला. फक्त एक गोष्ट मला सलायची. तू ते यंत्र लावत असताना मला खोलीत येऊ द्यायचा नाहीस. मी दारात दिसले की, अक्का, बाहेर बस, चहा घे, तयार झालं की बोलावतो. मी सुमाला म्हणायचे, बघ, मोठा कलाकार झालाय, सगळं मांडून झाल्याशिवाय दर्शन नाही. सुमा काही बोलायची नाही. तिनं तेव्हाच तोंड उघडलं असतं तर मी तुझ्या डोक्यावर ते कीबोर्ड आपटले असते, आणि तुझ्याशी भांडता तरी आलं असतं.

तू गेलास ते सकाळी, दवाखान्यापर्यंतही पोचला नाहीस. त्याबद्दल मला बोलायचं नाही.

तेराव्याला संध्याकाळी भजन ठेवलं. जोशी सर हुबळीहून, विद्यानगरातून, आपली पेटी घेऊन आले. तबल्याला आपला बसवराज. सरांनी पट्टी विचारलीसुद्धा नाही. काळी चार धरली. बसवराजनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून तबला लावायला घेतला. मी गायले. मुखडा ठीक झाला. अंतऱ्याला वर गेले आणि आवाज फाटला. पुन्हा गेले, पुन्हा फाटला. बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मागून कुणीतरी म्हणालं, भरून आलंय बिचारीला, पाठचा भाऊ गेला. मलाही तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार? बाकीच्यांनी मिळून ते भजन पुरं केलं आणि मी मांडीकडे बघत बसले.

पण देवळातला उत्सव तोंडावर आला होता, आणि तू भजनी मंडळाला शब्द देऊन बसला होतास की यंदा घरचा ऑर्गन देवळात येणार. मंडळाची माणसं बिचकत आली. म्हणाली, अक्का, नसेल जमत तर पेटीवर करू, कुणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, ऑर्गन येणार. वाजवतील जोशी सर, लावेन मी. असं मी का म्हटलं विचारू नकोस. माझ्या तोंडाला लगाम नाही हे तुला माहीत आहे. गावात हे जाणणारी माणसं नाहीत असं नाही. पण तुझ्या डबीला परका हात लावायला सुमा तयार होईना, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हते.

मग सुरू झाले माझे हाल. पहिल्याच दिवशी मी स्पीकर आधी चालू केला आणि मग डबी. असा धप्पकन आवाज झाला की सुमा लाटणं घेऊन धावत आली. तेव्हा आठवलं, तू स्पीकर नेहमी शेवटी लावायचास आणि बंद करताना सगळ्यात आधी. दुसऱ्या दिवशी वायरींची अदलाबदल झाली. खालचा कीबोर्ड दाबला की वरचा बारीक आवाज यायचा आणि वरून खर्ज. मी दोन्ही हात कंबरेवर ठेवून त्याच्याशी कन्नडमध्ये भांडले, कारण मराठीत भांडून उपयोग होत नव्हता. मग ते पेडल. पाय टेकवला की आवाज वाढायच्या ऐवजी कमी व्हायचा, उचलला की बोंबलायचा. मोडलं म्हणून मी मटकन खाली बसले. बऱ्याच वेळानं उमगलं की यंत्र चालू करताना माझा पाय पेडलावर होता. चालू होताना त्याला जे दिसतं तेच ते खरं धरून चालतं, असं तूच एकदा सुमावर ओरडून म्हणाला होतास, ती झाडू मारताना पेडलावर पाय ठेवून उभी होती तेव्हा. पाय काढला, सगळं बंद केलं, पुन्हा पहिल्यापासून.

आणि वाजला. अप्पांचा ऑर्गन, तुझा ऑर्गन. फुस्स आली, घरघर आली. सुमा कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.  मला वाटलं आता सगळं जमलं. तंबोरा लावला, काळी चारवर बोट ठेवलं, आणि तेराव्याला जिथं अडले तेच पद घेतलं.

तिथंच अडलं. तिथंच फाटलं. आणि मी रडत नव्हते रे. घसा कोरडा ठणठणीत होता, डोळे कोरडे. भरून आलं म्हणायला काही जागाच नव्हती.

सुमा दारातूनच म्हणाली, "अक्का, ते बटण दाबायचं राहिलं."

मी म्हटलं, कुठलं?

"ते नाव न लिहिलेलं. तुम्ही यायच्या आधी ते रोज दाबायचे. पहिल्यांदा एकदाच दाबायचे. मग दोनदा दाबायला लागले. हल्ली तीनदा."

तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तिला वाटत होतं की ते यंत्र सुरू करायचाच भाग आहे, शेगडीचं बटण आत दाबून फिरवतात तसं. ती आली, पीठ पुसलं, आणि मी म्हटलं, थांब, मी सूर धरते, तू दाब. मी काळी चार वाजवली. तिनं दाबलं. पुन्हा वाजवली, सूर एक पायरी खाली गेला. पुन्हा दाबलं, आणखी खाली. तिसऱ्यांदा दाबलं. माझं बोट काळी चारवरच होतं आणि कानात तीन पायऱ्या खालची पांढरी चार वाजत होती. तंबोरा पण तिच्याबरोबर खाली उतरून बसला होता. मी पद घेतलं. वरचा सा आला.

बंद केलं की ते सगळं पुसलं जातं आणि पुन्हा शून्यावर येतं, हेही मग कळलं. म्हणजे तू हे रोज करत होतास. मला बाहेर बसवून, चहा पाजून, रोज.

किती खोटारडा आहेस रे तू! सगळ्या धारवाडानं माझी काळी चार वाखाणली आणि मी ती मिरवली. मी दुसऱ्या बायकांकडे बघून नाक मुरडलं. तू समोर बसून हे सगळं बघितलंस आणि बोट काळी चारवर ठेवून गप्प राहिलास. मी त्या दिवशी तुझ्या फोटोपुढं उभं राहून तुला काय काय म्हटलं ते सुमानं ऐकलंय. तिनं मला थांबवलं नाही. मग मी खाली बसले आणि मग मात्र रडले, तेराव्याला राहिलेलं सगळं. तू माझ्याशी वाद घातला नाहीस. मला हरवलं नाहीस. नुसतं माझ्या पायाखालची पायरी काढून तिथं दुसरी ठेवलीस आणि मला चालू दिलंस. असं कुणी कुणासाठी करतं का? कोण करणार आता?

बसवराजला बोलावून विचारलं. तबला तर त्या सुराला लावावा लागतो, त्याला कळल्याशिवाय कसं राहील? तो मध्यंतरी दुसरा, मोठ्या तोंडाचा तबला आणायला लागला होता, मी विचारलं तर म्हणाला होता जुन्याची कातडी पुडी फाटली. आता तो माझ्या पायांकडे बघत राहिला आणि म्हणाला, गोत्तित्त री, अक्का. माहीत होतं म्हणे. मंडळात सगळ्यांनाच. तू त्यांना शपथ घातली होतीस का रे? की न घालताच गप्प बसले? मला विचारायचा धीर झाला नाही.

म्हटलं, ठीक आहे. पांढरी चार तर पांढरी चार. जोशी सर तालमीला आले तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. त्या सभ्य माणसानं पापणी हलवली नाही. बटण तीनदा दाबलं, बसले, वाजवलं. हात चांगला आहे त्यांचा. मी गायले. एक दिवस वरचा सा नीट आला. दुसऱ्या दिवशी अडकला. तिसऱ्या दिवशी आला असं मला वाटलं. सरांना विचारलं, लागला ना? ते म्हणाले, उत्तम. आदल्या दिवशी अडकला होता तेव्हाही उत्तमच म्हणाले होते.

इथं मी अडले बघ. तू गेल्यापासून इतकी हतबल मी झाले नव्हते. तू एकदाचं दोनदा केलंस, दोनदाचं तीनदा केलंस. तो दिवस तू कसा ओळखलास? माझं मला कळलं नाही, तुला कसं कळलं? आणि आता चौथ्यांदा दाबायची वेळ आली आहे की हे नुसतं दुःख आहे, चार दिवसांनी निवळेल, हे मला कोण सांगणार? स्वतःचा आवाज स्वतःला आतून ऐकू येतो, तो कसा आहे ते कळत नाही. जन्मभर मुलींना हेच शिकवलं मी. तुझा इथं बसतो, तुझा तिथं, असं छातीठोक सांगितलं.

म्हणून मी सरांना एक मागणं मागितलं. तुला हसू येईल. मी म्हटलं, सर, माझा आवाज उतरला की तुम्ही मला न सांगता उतरवत जा. मला विचारू नका, मला कळू देऊ नका. श्रीपाद करायचा तसं.

सरांनी हात जोडले. म्हणाले, "अक्का, तुम्ही मोठ्या. तुम्हाला फसवायचा अधिकार मला नाही."

बरोबर आहे त्यांचं. रागावता येण्यासारखंही काही नव्हतं. मी त्यांना चहा दिला.

काल उत्सव झाला. सगळं मीच लावलं, श्रीपाद. वायरी ज्या त्या जागी गेल्या, पाय पेडलावरून काढला होता, स्पीकर शेवटी. सागवानी चौकट देवळात अशी शोभली की लोक हात लावून बघून जात होते. सुमा पहिल्या रांगेत. सर बसले. बसवराज हातोडी घेऊन थांबला, सूर मिळाला की तबला लावायचा म्हणून. सर माझ्याकडे वाकून म्हणाले, अक्का, कुठून?

मी हात लांब करून बटण एकदा दाबलं. दोनदा दाबलं. तीनदा. मग बोट त्याच्यावरच राहिलं. सकाळी घरी चाचपून बघितलं होतं तर तिसऱ्यावर जड वाटलं होतं आणि चौथ्यावर फार खाली. की उलटं होतं? मला आठवेना. देऊळ भरलेलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, माझी पट्टी ऐकायला, जी त्या सगळ्यांना माझ्या आधीपासून माहीत होती.

"सर," मी म्हणाले, "मला माहीत नाही."

माईक चालू होता. ते देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यापर्यंत ऐकू गेलं असेल.  मी म्हटलं, तुम्ही लावा, मी गाते. आणि मान गाभाऱ्याकडे वळवली. सरांनी काय लावलं ते मी बघितलं नाही, त्यांच्या बोटाकडेही नाही. सूर आला तो धरला आणि गायले. तुझी फुस्स मागं ऐकू येत होती. वर गेले. लागला की नाही ते मला सांगता येणार नाही. लोक वा म्हणाले, पण लोक म्हणतातच. घरी येताना रिक्षात सुमाला विचारलं. ती म्हणाली, छान झालं की अक्का, आणि माझा हात धरून बसली. तिला गाण्यातलं काही कळत नाही.

मी आज सकाळपासून खालच्या खोलीत बसले आहे. यंत्र चालू आहे, शून्यावर. उद्या कुणी बोलावलं तर कुठून गाऊ, किती दाबू, की आता गाणंच थांबवू, हे मला कुणाला तरी विचारायचंय. तू असतास तर मला विचारावंच लागलं नसतं.